सहाशे पंचवीसची पट्टी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वाशीम जिल्ह्यातल्या गावांत पायांच्या जखमा वाढतात. विळ्यानं तिरपं कापलेलं धसकट वाळलं की खिळ्यासारखं कडक होतं. चपलेच्या तळातून आरपार जातं, पोटरीला ओरखडे काढतं. दिवस मजुरीचे असतात, परतीचा पाऊस कधी गाठेल याची धास्ती असते. जखमेवर हळद दाबून काम पुढे चालू राहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुजतो, लाल होतो, रात्री ठणका झोपू देत नाही. मग बाजाराच्या दिवशी, रिसोडला असो की मानोऱ्याला, मालेगावला असो की मंगरूळपीरला, मेडिकलच्या काउंटरवर आवाज येतो : ‘भाऊ, ते सहाशे पंचवीसची गोयी द्या ना चार.’

औषधाचं नाव कुणी घेत नाही. नाव असतं एक आकडा. दुकानातला पोरगा चांदीच्या रंगाची जाड पट्टी काढतो, कात्रीनं चार कप्पे कापतो, कागदाच्या पुडीत घालतो. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही. कात्री जिथून फिरते तिथेच बहुधा मुदत संपण्याची तारीख तुटून उरलेल्या पट्टीवर राहते. त्याच पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध घेऊ नये, एवढंच सांगण्यासाठी ती तिथे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६मध्ये या लाल रेघेची मोहीम देशभर सुरू केली. त्याला बरीच वर्षं लोटली, पण ती रेघ म्हणजे छपाईतली नक्षी समजणारी घरं आजही मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

या लेखाचा विषय ती पट्टी आहे. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती फार चांगली आहे म्हणून. जखम चिघळली, कुत्रं चावलं, दाढेखाली पू झाला, कानातून पू वाहायला लागला, सायनस भरले, छातीत जंतुसंसर्ग झाला, अशा अनेक आजारांत डॉक्टर विचारपूर्वक जी औषधं निवडतात, त्यांत हे अग्रभागी असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिजैविकांचे जे गट पाडले आहेत, त्यांत हे सहज उपलब्ध असावं अशा पहिल्या गटात आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. असं औषध हातचं जाऊ द्यायचं की राखायचं, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपेक्षा वाशीमसारख्या जिल्ह्याला जास्त लागू आहे. मोठ्या शहरात एक औषध चाललं नाही तर दुसरं, तिसरं, शिरेतून द्यायचं महागडं चौथं मिळतं. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या कुटुंबाला दुसऱ्या औषधासाठी आधी गाडी शोधावी लागते.

सहाशे पंचवीस हा आकडा खरं तर बेरीज आहे. पाचशे मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि एकशे पंचवीस मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. पहिलं पेनिसिलिनच्या घराण्यातलं. जंतूची बाहेरची भिंत बांधली जात असतानाच ते ती मोडतं, जंतू फुटतो. पण पेनिसिलिनचा उपयोग माणसांवर नीट सुरूही झाला नव्हता, तेव्हा १९४०मध्येच एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांच्या लक्षात आलं की काही जंतू एक विकर तयार करतात आणि औषधाचेच तुकडे करतात. पुढच्या तीस वर्षांत अशा जंतूंची संख्या वाढत गेली. औषध पोटात जायचं, रक्तात पोचायचं आणि जंतूच्या दाराशीच त्याचे तुकडे व्हायचे.

यावर तोड सापडली ती मातीत. मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या सूक्ष्मजीवापासून इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात एक पदार्थ वेगळा काढला. एकटा दिला तर त्याच्यानं जंतू फारसे मरत नव्हते. औषध म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी होता. पण जंतूच्या त्या विकराला तो असा चिकटायचा की विकर कायमचं निकामी व्हायचं, आणि त्या झटापटीत तो स्वतःही संपायचा. अ‍ॅमॉक्सिसिलिनला वाट मोकळी व्हायची. १९८१मध्ये ही जोडगोळी इंग्लंडमध्ये बाजारात आली. आज जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांत तिची गणना होते.

म्हणजे गोळीतला दुसरा घटक ‘जास्त पॉवर’साठी नाही. काउंटरवर हाच शब्द सर्रास ऐकू येतो : साध्या गोळीनं नाही गेलं, जास्त पॉवरची द्या. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचं काम राखणीचं आहे. ज्या जंतूकडे ते विकर नाही, तिथे राखणदाराची गरजच नसते; साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन पुरतं आणि पोटही कमी बिघडतं. जुलाब हा या गोळीचा नेहमीचा त्रास आहे आणि तो बराचसा या दुसऱ्या घटकामुळे होतो. म्हणूनच डॉक्टर ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यायला सांगतात. तीनशे पंचाहत्तरच्या दोन गोळ्या म्हणजे एक सहाशे पंचवीस, असा हिशेब घरोघरी होतो. तो चुकीचा आहे. त्या दोन गोळ्यांत अ‍ॅमॉक्सिसिलिन पाचशेच भरतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट होतं. वय झालेल्यांना, विशेषतः जास्त दिवस घेतली तर, क्वचित या औषधानं कावीळही होते. आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला ही गोळी जिवावर बेतू शकते. चार गोळ्या कापून देणारा पोरगा हे विचारत नाही. विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंही नसतं.

लहान मुलांच्या बाटलीची गोष्ट आणखी नाजूक. बाटलीत भुकटी असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून ती हलवायची, मग बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाला ओल आणि ऊब दोन्ही सोसत नाहीत. गोळ्यांची पट्टी इतकी जाड असते ती त्यासाठीच. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या घरात, देवळीत पंधरा दिवस ठेवलेल्या बाटलीत रंग आणि वास तोच राहतो, औषध मात्र उरत नाही. घरात फ्रीज नसेल तर डॉक्टरला ते आधी सांगावं. पाण्यात विरघळणारी लहान मुलांची गोळीही मिळते.

आता ज्या आजारात या गोळीचा काहीच उपयोग नाही, त्याबद्दल. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या हे विषाणूंचे आजार. विषाणूला भिंतच नसते, तर मोडायचं काय? हे पुष्कळदा लिहून झालं आहे. विदर्भापुरता त्याहून गंभीर धोका वेगळाच आहे. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची मोठी साथ आली, माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा हा ताप. शेतात, बांधावर, चाऱ्यात काम करणाऱ्याला, नेमका ऑगस्ट ते ऑक्टोबरात. चावलेल्या जागी कधी सिगारेटनं भाजल्यासारखा काळा व्रण दिसतो, कधी दिसतही नाही. याचा जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन राहतो, त्यामुळे पेनिसिलिनच्या घराण्यातलं कुठलंही औषध, राखणदारासकट दिलं तरी, त्याला चालत नाही. चालतं डॉक्सिसायक्लिन, जुनं, स्वस्त आणि वेळेवर दिलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरवणारं. सोंगणीच्या दिवसांत ताप भरलेला माणूस काउंटरवरून चार सहाशे पंचवीस घेऊन घरी गेला, तर पैसे जातातच. पण जे चार दिवस जातात, त्या चार दिवसांत मूत्रपिंड आणि फुप्फुसं धोक्यात येतात.

मग औषधांची जोडी कुणी, कधी, कशी वापरावी? याचं उत्तर शोधायला लंडनला जायला नको. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, ते पस्तीस वर्षांपूर्वी मिळालं आहे, आणि त्याची मुळं आज वाशीमच्या प्रत्येक गावात पोचली आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलं कशानं मरतात हे त्यांनी गावोगाव मोजायला घेतलं, तेव्हा सर्वांत वर आला न्यूमोनिया. जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर औषध होतं : को-ट्रायमॉक्साझोल. सेप्ट्रान म्हटलं की जुन्या पिढीला लगेच आठवेल. हीसुद्धा जोडगोळीच. सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम, पाचास एक या प्रमाणात. जंतूला जगायला फोलिक आम्ल स्वतः तयार करावं लागतं. त्या कामाची एक पायरी पहिलं औषध अडवतं, पुढची पायरी दुसरं. एकाच वाटेवर लागोपाठ दोन अडथळे. १९६८पासून ही जोडी जगभर वापरात होती. यातल्या ट्रायमेथोप्रिममागे ज्यांच्या प्रयोगशाळेचं काम होतं, त्या जॉर्ज हिचिंग्ज यांना गर्ट्रूड एलियन आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत १९८८चं नोबेल मिळालं.

औषध होतं, पण डॉक्टर नव्हता. नदीला पूर आला की गावं तुटायची. अशा ठिकाणी औषध द्यायचं कुणी, आणि खोकला झालेल्या शंभर मुलांपैकी न्यूमोनियाचं मूल ओळखायचं कसं? एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप वापरता येणारं माणूस नाही. बंग यांनी धरलेला धागा श्वासाचा होता. न्यूमोनिया झालेलं मूल भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक, तर तो न्यूमोनिया समजायचा. अडचण अशी की गावातल्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळही वाचता येत नव्हतं.

तिथे जे साधन तयार झालं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. लाकडी चौकट, त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. दहापर्यंतची मोजणी प्रत्येकीला येत होती. मण्यांनी हिशेब ठेवण्याची सवय तर आपल्या आज्यांच्या बोटांत पिढ्यानपिढ्या होती. जपमाळेपेक्षा हे वेगळं नव्हतं. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नव्हतं, त्या बायकांनी या मण्यांवर निदान केलं आणि ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस को-ट्रायमॉक्साझोल दिलं.

५८ गावांत हा उपचार झाला आणि ४४ गावांशी त्याची तुलना झाली. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियानं होणारे मृत्यू एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे १७.५. आकड्यांकडे बघताना एक गोष्ट विसरू नये. औषध तेच होतं, जे तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये तेव्हाही मिळत होतं. बदलली होती ती त्याच्या आधीची एक मिनिटाची मोजणी आणि त्याच्या नंतरची दिवसांची मोजणी.

पुढचं पाऊल याहून धाडसाचं होतं. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मरणाऱ्या बाळांत रक्तातला जंतुसंसर्ग हे मोठं कारण होतं. आईवडील बाळाला रुग्णालयात न्यायला तयार नसत. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाही, ही रीत वाशीमच्या कुठल्याही घराला समजावून सांगायला नको. म्हणून गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना, ज्यांना ‘सर्च’मध्ये आरोग्यदूत म्हणतात, घरी जाऊन बाळाला तपासायला शिकवलं गेलं. बाळ आधी चांगलं ओढत होतं, आता ओढत नाही. रडणं क्षीण झालं. अंग लुळं पडलं. अंग गार किंवा तापलेलं. छाती आत ओढली जाते. अशी दोन किंवा अधिक लक्षणं एकाच वेळी दिसली की संसर्ग धरायचा. आधी रुग्णालयात न्यायचा आग्रह. पालक नाहीच म्हणाले तर त्यांची लेखी संमती घेऊन दोन प्रतिजैविकं एकत्र : जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे को-ट्रायमॉक्साझोल.

खेड्यातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, या कल्पनेनं डॉक्टरमंडळींत अस्वस्थता पसरली आणि ती समजण्यासारखी होती. पण काम शिस्तीचं होतं. मात्रा वजनावर ठरत होती, प्रत्येक बाळाची नोंद होत होती, नोंदी डॉक्टर तपासत होते. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांतला नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी ६२वरून २५च्या आसपास आला. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं तर ही घट ६२ टक्के भरली. संसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्के होतं, ते २.८वर आलं.

२०११मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात बालकाची काळजी ही योजना देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोपवली, ती याच कामाच्या पायावर. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशा सहा वेळा घरी येते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. को-ट्रायमॉक्साझोलला दाद न देणारे जंतू पुढे वाढले, म्हणून मुलांच्या न्यूमोनियासाठी आता साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन आलं आहे. आजारी तान्ह्याला रुग्णालयात नेणं शक्यच नसेल, तिथे जेंटामायसिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनची जोडी उपकेंद्रातल्या परिचारिकेनं (एएनएम) द्यावी, अशी मार्गदर्शक सूचना २०१४पासून आहे. औषधं बदलली. मोजणी तीच राहिली.

वाशीम आणि गडचिरोलीचं नातं आणखी एका कागदावर आहे. नीती आयोगानं २०१८मध्ये देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. जो वत्सगुल्म वाकाटकांची राजधानी होता, ज्याच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी कोरली गेली, त्या वाशीमचं नाव या यादीत वाचताना जिल्ह्यातल्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण यादीतल्या शेजाऱ्यानं जे करून दाखवलं, ते वाशीमला अशक्य नाही.

जोडीच्या औषधाचा आणखी एक मोठा धडाही विदर्भाच्याच पदरात पडला आहे. कुष्ठरोग. अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं ज्या आजारानं मोठी केली, त्यावर १९४०च्या दशकापासून डॅप्सोन ही एकच गोळी होती, आणि ती आयुष्यभर घ्यावी लागे. एकट्या गोळीला जंतू सरावले. १९६०-७०च्या दशकांत डॅप्सोन ठिकठिकाणी हरायला लागली. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन एकत्र द्यायला सांगितलं. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हा त्यामागचा हिशेब. देशात हा बहुविध उपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. महिन्यातून एकदा रिफॅम्पिसिन आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर गिळायची, बाकीच्या गोळ्या घरी रोज, आणि सगळ्या गोळ्या एकाच पाकिटात दिवसांच्या क्रमानं लावलेल्या. आयुष्यभराचा उपचार सहा महिने किंवा एका वर्षावर आला. डिसेंबर २००५मध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारी एकच्या खाली गेलं.

दोन किंवा तीन औषधं एकत्र करायला असं सज्जड कारण लागतं. एक दुसऱ्याची राखण करतं, किंवा दोघं मिळून एकच वाट दोन जागी अडवतात, किंवा जंतूला निसटायला फट ठेवत नाहीत. कारण नसेल तर ती जोडी म्हणजे रुग्णाच्या पोटावर आणि खिशावर दुहेरी भार. आपल्या देशात असल्या बिनकारणाच्या जोड्यांचं रान माजलं होतं आणि ते साफ करण्याच्या कामात दोन नावं प्रमुख आहेत. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं हजारो जोडऔषधं तपासली. तिच्या शिफारशीवरून मार्च २०१६मध्ये केंद्रानं ३४४ जोड्यांवर बंदी घातली. सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र केलेली गोळी त्या यादीत होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, डिसेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण पुन्हा तज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीपुढे आलं. सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ जोड्या पुन्हा बंद झाल्या. ऑगस्ट २०२४मध्ये आणखी १५६. बंदी येते, काही महिन्यांत घटक थोडे बदलून नवी जोडी येते, आणि तालुक्याच्या डॉक्टरपुढे नव्या रंगाचं पाकीट ठेवलं जातं. हे थांबेपर्यंत कोकाटे आणि क्षीरसागर यांचं काम पुरं झालं असं म्हणता येणार नाही.

सहाशे पंचवीस या बंदीत नाही आणि नसावी. प्रश्न तिच्या वापराचा आहे. २०१३च्या अधिसूचनेनं आणलेलं आणि मार्च २०१४पासून लागू झालेलं ‘शेड्यूल एच वन’ वरच्या दर्जाच्या प्रतिजैविकांसाठी आहे; दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. सहाशे पंचवीस जुन्या ‘शेड्यूल एच’मध्ये मोडते : चिठ्ठी हवी, पण वहीत नोंद नको. कायद्यातल्या या फरकाचा काउंटरवर भलताच अर्थ घेतला जातो. नोंद नको म्हणजे चिठ्ठीही नको. तो अर्थ चुकीचा आहे, आणि दुकानदारांच्या संघटनांनीच तो दुरुस्त करायला हवा. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक एका दुकानात उभा असतो तेव्हा दुसऱ्या शंभर दुकानांत कात्री चालू असते.

पण सगळं खापर दुकानदारावर फोडणंही न्यायाचं नाही. मजुरी बुडवून डॉक्टरकडे जायचं, त्याची फी, मग औषध. पट्टीलाच दोनशेच्या आसपास मोजावे लागतात. माणूस चार गोळ्या मागतो ते पैसे चारच गोळ्यांचे असतात म्हणून. दोन दिवसांत ठणका थांबतो, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जातात, आणि पुढच्या वेळी पोराला ताप आला की त्यातली अर्धी मोडून दिली जाते. अर्धवट मारलेल्या जंतूंपैकी जे उरतात ते औषधाला सरावलेले असतात, आणि ते घरातल्या सगळ्यांच्या अंगावर, आतड्यात, हातांवर फिरतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर अख्खा जिल्हा रिकामा झालेला डोळ्यांपुढे आणावा लागतो.

चार गोळ्यांच्या अडचणीवर एक उपाय हाताशी आहे आणि तो पुरेसा माहीत नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. चिघळलेला पाय घेऊन केंद्रात गेलं तर जखम धुतली जाते, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं, आत अडकलेला धसकटाचा तुकडा निघतो. तो तुकडा आत राहिला तर कुठल्याही मिलिग्रॅमची गोळी जखम भरून आणत नाही. कुत्रं चावलं असेल तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुणं आणि रेबीजची लस यांना पर्याय नाही. सहाशे पंचवीस घेतली म्हणून लस टाळणारा माणूस मरणाशी खेळतो.

ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशीमचं एक होतं. १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचं हे महाविद्यालय. याचं महत्त्व उद्याच्या डॉक्टरांच्या संख्येपुरतं नाही. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आला, आणि त्याच्याबरोबर कल्चरची तपासणी. पू, लघवी किंवा रक्त घेऊन जंतू वाढवायचा, त्याच्याभोवती वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि कोणत्या चकतीभोवती तो मरतो ते बघायचं. दोन-तीन दिवस लागतात, पण औषधाची निवड अंदाजावरून उठून पुराव्यावर येते. आजवर बरे न होणारे रुग्ण अकोल्याला धाडले जात. आता जिल्ह्याच्या जंतूंचा हिशेब जिल्ह्यात ठेवता येईल : इथल्या लघवीच्या संसर्गात कोणतं औषध चालतं, इथल्या जखमांत कोणतं चालायचं थांबलं. या महाविद्यालयानं दर वर्षी असा एक साधा तक्ता करून सहाही तालुक्यांतल्या डॉक्टरांच्या टेबलावर पोचवला, तर जिल्ह्याची फार मोठी सेवा होईल. ही मागणी पालकमंत्र्यांकडे, अधिष्ठात्यांकडे, जिल्हा परिषदेकडे वाशीमकरांनी आत्ताच करावी. इमारतींच्या निविदा निघत असतात तेव्हाच प्रयोगशाळेचा आग्रह धरायचा असतो.

तोवर घरात करण्यासारखी कामं आहेत. दिवाळीच्या साफसफाईत औषधांचा डबा रिकामा करावा. अर्धवट कापलेल्या पट्ट्या, मागच्या पावसाळ्यातली बाटली, काही ठेवू नये. मेडिकलवर गेल्यावर चिठ्ठी आपण होऊन पुढे करावी आणि सांगितलेल्या दिवसांच्या सगळ्या गोळ्या घ्याव्यात. सगळ्या परवडत नसतील तर अर्ध्या घेऊन घरी येऊ नये, आरोग्य केंद्रात जावं.

आणि ज्या घरात यंदा पाळणा हलला आहे, त्या घराला एक विनंती. आशाताई दारात येईल, बहुधा ऐन कामाच्या घाईत, तेव्हा तिला ओसरीवरून परत पाठवू नका. टीव्ही बंद करा. बाळ शांत होऊ द्या, त्याच्या छातीवरचं पांघरूण बाजूला करा, आणि तिला पूर्ण एक मिनिट श्वास मोजू द्या.